बाबूचं पासबुक

आमच्या गावाचं मुंबई मंडळ म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या माणसाला थोडं सांगावं लागतं. संगमेश्वर तालुक्यातलं गाव, सात वाड्यांचं. गिरण्या चालू होत्या तेव्हा घरटी एक तरी पुरुष मुंबईत असायचा, आणि मुंबईत म्हणजे चिंचपोकळीच्या चाळीत गावकीच्या खोलीत. वीस-पंचवीस बाप्ये एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. ज्याची रातपाळी, त्याच्या जागेवर रात्री दुसरा. गिरण्या गेल्या, माणसं दिवा, नालासोपारा, बदलापूरकडे पांगली, पण खोली राहिली. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे सभा भरते. देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची टाकी, शाळेला बाकं, कोणी मुंबईत वारलं तर गावी न्यायला गाडी, अशा कामांना वर्गणी निघते. मी बेस्टच्या तिकीट आणि रोख विभागात होतो. चिल्लर मोजण्यात नोकरी गेली, म्हणून खजिनदारपद माझ्याकडे आलं, ते अजून कोणी काढून घेतलेलं नाही.

२०१९ च्या गणपतीनंतरच्या सभेत बाबूचा विषय निघाला. बाबू हे त्याचं घरातलं नाव. आमच्याकडे निम्म्या घरांत एक बाबू असतोच. माझ्या चुलत पुतण्याचा मुलगा, तेव्हा सात वर्षांचा. बाळंतपणात गुंता झाला, जन्मल्यावर रडला नाही, काचेच्या पेटीत ठेवावा लागला. वर्ष होत आलं तरी मान धरेना, तेव्हा सेरेब्रल पाल्सी हे नाव घरात आलं. मेंदूला झालेली इजा. ती वाढत नाही आणि भरूनही येत नाही. चारही हातपाय ताठ, आकडी येते, गिळताना ठसका लागतो, बोलणं नाही, नजर एका जागी ठरत नाही. ऐकू मात्र चांगलं येतं. बाप डोंबिवलीत शाळेची बस चालवायचा. तो घरी येताना जिन्यातच चपला आपटायचा, कारण त्या आवाजाला बाबू हसायचा.

बापाने सभेत सांगितलं ते एवढंच, की डाव्या खुब्याचं हाड खोबणीतून सरकत चाललंय आणि डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. जी मुलं उभी राहू शकत नाहीत त्यांच्यात हे बऱ्याचदा होतं. मांडीचे स्नायू सारखे आत ओढतात, शरीराचा भार खुब्यावर पडत नाही, खोबण उथळ राहते आणि हाड हळूहळू बाहेर येतं. धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. आज वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर माणूस पहिल्या गटात येतो, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुसऱ्या. तेव्हा या मर्यादा कमी होत्या, आणि त्यांनुसार बाबूचा बाप दुसऱ्या गटात बसत होता. पण सवलत म्हणजे फुकट नव्हे. प्लेट, स्क्रू, औषधं, प्लास्टर आणि नंतरच्या खेपा मिळून दीड लाखाच्या घरात अंदाज होता.

हे सांगून झाल्यावर त्याने खिशातून वहीचं एक पान काढलं. बाबूच्या आईने लिहून दिलेलं. ऑपरेशन तळाला एका ओळीत, बाकीचं सगळं पान दरमहाच्या खर्चाचं. आकडीची दोन औषधं, स्नायू सैल पडायची गोळी, डायपर, आठवड्यातून दोनदा घरी येणारी फिजिओथेरपिस्ट, तपासणीला जायची रिक्षा. बेरीज साडेनऊ हजार. बापाचा पगार तेरा हजार. बेरजेखाली तिने लिहिलं होतं, ‘ऑपरेशनचं कसंही जमेल. हे दरमहाचं कोणी बघेल का?’

पान सगळ्यांच्या हातांतून फिरलं आणि शेवटी अध्यक्षांच्या चहाच्या कपाखाली जाऊन बसलं. अध्यक्ष काही वाईट माणूस नाही. गेल्या दोन पुरांत त्याने स्वतःचा टेम्पो घालून गावात धान्य पोचवलंय. पण मंडळं चालवून चालवून त्याला एक हिशेब पक्का कळलाय, तो त्याने तिथेच बोलून दाखवला. "ऑपरेशन म्हटलं की माणूस खिशात हात घालतो. डायपर म्हटलं की घड्याळ बघतो." आणि तो चुकीचं बोलत नव्हता. ऑपरेशनला तारीख असते, रक्कम असते, ते एकदा झालं की आपण मोकळे. डायपरला शेवट नाही. शेवट नसलेल्या गोष्टीची पावती फाडायला कोणालाच आवडत नाही.

मग खालच्या वाडीतल्या तात्यांनी विचारलं, "ऑपरेशन झालं की पोर चालंल ना?"

बापाने लगेच उत्तर दिलं नाही. खोटं बोलायला ती जागा सोयीची होती, होय म्हटलं असतं तर तिथल्या तिथे वीस-पंचवीस हजार जमले असते. तो म्हणाला, "नाही तात्या. चालणार नाही तो. दुखायचं थांबेल. मांड्या एकावर एक चढतात त्या सुटतील, म्हणजे त्याच्या आईला नीट पुसून घेता येईल. खुर्चीत बसवता येईल."

तात्यांचं समाधान झालं नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी पाचशे रुपये त्यांनीच पहिले काढले. पुढे पत्रकाचा मजकूर तयार झाला तेव्हा सेक्रेटरीने त्यात घातलं होतं, की चला, बाबूला स्वतःच्या पायांवर उभं करूया. मी ती ओळ खोडली. सेक्रेटरी म्हणाला, काका, लोकांना काहीतरी आशा दाखवावी लागते. मी म्हटलं, दोन वर्षांनी शिमग्याला पोर गावात येईल, मांडीवर बसलेलं दिसेल, तेव्हा पत्रक ज्यांनी जपून ठेवलंय ते मला विचारतील. खजिनदार मी आहे.

सेक्रेटरीचा मुलगा संगणकवाला. त्याचं म्हणणं, आता तिकिटं, स्मरणिका कोण करतं, इंटरनेटवर आवाहन टाकूया, जगभरातून पैसे येतात. त्याने चौकशी केली. तिथे पहिली मागणी फोटोची, आणि सल्ला असा की फोटोत मूल आजारी दिसलं पाहिजे. नळ्या असतील तर उत्तम, आई रडत असेल तर त्याहून उत्तम. आम्ही दोघं त्यासाठी दिव्याला त्यांच्या घरी गेलो. बाबूच्या आईने शांतपणे ऐकून घेतलं, मग कपाटातून एक फोटो काढून दिला. वाढदिवसाचा, चौकड्यांचा शर्ट, तोंड भरून हसणारा बाबू. "हा लावा," म्हणाली. सेक्रेटरीचा मुलगा चाचरत म्हणाला, वहिनी, यात तो आजारी वाटत नाही. ती म्हणाली, "तो आजारी नाहीच. तो असाच आहे." आवाहन काही टाकलं गेलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. असल्या आवाहनांनी कोणाचं भलं होत नाही असं नव्हे, पण आमच्यातलं कोणी तिला दुसऱ्यांदा फोटो मागायला तयार नव्हतं.

त्याच दिवशी मी तिला बाबूला जेवू घालताना पाहिलं. नाचणीची पेज, जराशी घट्ट, गाळून घेतलेली. पातळ पदार्थ त्याला चालत नाही, तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि छातीत कफ धरतो. म्हणून पाणीसुद्धा दाट करून. तिने त्याला स्वतःच्या गुडघ्याच्या आधाराने अर्धवट बसवलं, डोकं किंचित पुढे झुकवलं, डाव्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटी खालून धरली आणि उजव्या हाताने अर्धा चमचा आत सोडला. गळ्याची घाटी हलेपर्यंत बोटं तिथेच. मग पुढचा चमचा. वाटी संपायला पाऊण तास लागला आणि त्या वेळात ती आमच्याशी नेहमीसारखी बोलत होती, रेशनवर तांदूळ कसा येतो वगैरे. दिवसातून चार वेळा हे. गावी गेलं की आज्या प्रेमाने त्याला बशीने चहा पाजायला बघतात आणि हिला वाईटपणा घ्यावा लागतो.

इंटरनेट नाही म्हटल्यावर राहिला आमचा जुना मार्ग, शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना. रत्नागिरीकडच्या माणसाला यापुढे सांगायला नको. एक बाजू शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची, दोन शाहीर, पायांत चाळ बांधलेले नाचे, ढोलकी, आणि सवाल-जवाबात एकमेकांची उतरवायची. परळचं दामोदर नाट्यगृह या खेळांचं माहेर. १९२२ सालचं थिएटर, गिरणगावातली नमनं, दशावतार, शक्ती-तुरे सगळे तिथे झाले. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं. आमचा कार्यक्रम त्याआधीचा, २०१९ च्या डिसेंबरातला.

दोन्ही शाहिरांनी सुपारी कमी केली. तिकिटं आम्ही वाडीवार वाटून दिली. प्रत्येक वाडीच्या प्रमुखाने आपला गठ्ठा खपवायचा, उरला तर स्वतः भरायचा. स्मरणिकेला जाहिराती: मागचं कव्हर एका बिल्डरने घेतलं, आतली पानं केटरर, मंडपवाले, दुधाची डेअरी, आणि बरीच ‘एक हितचिंतक’. दादरच्या एका दुकानदाराने आधी विचारलं, ८०-जीची पावती मिळेल का? नाही मिळत. आमचं मंडळ नोंदलेलं आहे, पण ते प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, आणि कोणा एका मुलाच्या आईबापांच्या हाती पैसे दिले तर त्यावर करसवलत नसतेच. त्याने हजाराऐवजी पाचशे दिले.

कार्यक्रमाच्या रात्री बाबूला पहिल्या रांगेत बापाच्या मांडीवर बसवलं होतं. ढोलकी सुरू झाली तसा तो मोठ्याने आवाज करायला लागला, हातपाय आणखी ताठ, तोंड उघडं. मागच्या रांगेतून दोघं-तिघं म्हणाली, पोर घाबरलंय, बाहेर न्या. स्वयंसेवक धावत आला. आईने हाताने त्याला थांबवलं. बाबू हसत होता. त्याच्या हसण्याची सवय नसलेल्याला ते रडणं वाटतं. तुऱ्याच्या शाहिराने हे स्टेजवरून पाहिलं असावं, कारण पुढच्या गाण्यात त्याने ढोलकीवाल्याला खाली उतरवून थेट बाबूसमोर उभं केलं. लोकांनी नोटा द्यायला सुरुवात केली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी हिशेब मांडला. तिकिटं ८६ हजार ४००, जाहिराती ५८ हजार, स्टेजवर आलेली बक्षिसं आणि देणग्या ३१ हजार ७५०. एकूण १ लाख ७६ हजार १५०. थिएटर, दोन्ही पार्ट्यांची सुपारी, साउंड, छपाई, गाड्या, नाश्ता, सगळा खर्च ९२ हजार ३००. हातात राहिले ८३ हजार ८५०. म्हणजे लोकांनी बाबूच्या नावाने दिलेल्या दर शंभर रुपयांतले बावन्न रुपये बाबूसाठी तिकीट घेणाऱ्यांच्या करमणुकीत गेले. पाहुण्यांच्या शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्हांचे साडेसहा हजार तर मला आजही खुपतात. आमदारांचे पीए शाल घेऊन गेले आणि आमदार आलेच नाहीत.

तरी असे कार्यक्रम करू नयेत, या मताचा मी नाही. त्या रात्रीपर्यंत मंडळाच्या निम्म्या सभासदांनी बाबूला बघितलंच नव्हतं. आई त्याला लग्नकार्यात नेत नसे आणि लोकही आग्रह करत नसत.

हे पैसे मंडळाच्या खात्यात मिसळू द्यायचे नाहीत, हा माझा हट्ट. मंडळाच्याच नावाने वेगळं बचत खातं काढलं, दोन सह्यांचं. हॉस्पिटलला चेक, कोणाच्याही हातात रोख नाही. बँकेतली मुलगी विचारायची, कुठलं पासबुक, देवळाचं की बाबूचं?

ऑपरेशनची तारीख २०२० च्या एप्रिलची मिळाली. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली. तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे गेली, लोकल बंद, फिजिओथेरपिस्टचं येणं बंद. शाळा बंद म्हणजे शाळेची बसही बंद. पहिला महिना मालकाने अर्धा पगार दिला, मग तोही थांबला. मे महिन्यात बाबूच्या आईचा फोन आला. "काका, पासबुकातले पैसे औषधाला वापरता येतील का?" आकडीचं औषध एकदम बंद करता येत नाही. तसं केलं तर एकामागून एक आकड्या येऊन जिवावर बेतू शकतं. तिच्याकडे आठवडाभराच्या गोळ्या होत्या.

मी मंडळाच्या ग्रुपवर विषय टाकला आणि जी जुंपली ती वाचण्यासारखी होती. एकाने तिकिटाचा फोटोच टाकला. त्यावर ठळक अक्षरांत, ‘शस्त्रक्रियेच्या मदतीसाठी’. लोकांनी ज्या कामाला दिले त्याच कामाला वापरले पाहिजेत, नाहीतर उद्या कोण विश्वास ठेवेल? दुसऱ्याचं म्हणणं, पोर राहिलं तर ऑपरेशन. तिसऱ्याला तेवढ्यात सुचलं, की ऑपरेशन होतच नसेल तर ती रक्कम गावात विलगीकरणासाठी शाळेत ठेवलेल्या चाकरमान्यांच्या जेवणाला द्यावी. माणसं वाईट नव्हती. प्रत्येकाच्या घरात कोणीतरी बसून होतं. शेवटी मी बेस्टमधल्या सवयीने वाट काढली. बाबूच्या खात्याला हात लावायचा नाही. मंडळाच्या सर्वसाधारण निधीतून दरमहा पाच हजार उसने, परतफेड ठरेल तेव्हा. उसने या शब्दाला कोणी हरकत घेतली नाही.

त्या पाच हजारांत डायपर बसत नव्हते. ते ज्यांनी बघितलं त्या आमच्या सभेत कधी नसायच्या. दिव्यात आमच्या गावच्या बायकांची भिशी आहे, बाविसजणी, महिन्याला हजार. टाळेबंदीत भिशी फोनवरून चालू राहिली होती. त्यांनी आपसांत ठरवलं, प्रत्येकीने हजारावर शंभर जास्त टाकायचे. ते भिशी लागलेल्या बाईने बाबूच्या आईकडे पोचवायचे. ना पत्रक, ना ठराव. मला कळलं तेव्हा तिसरा महिना चालू होता, आणि कळलं तेही बायकोच्या फोनवर निरोप वाचताना. मी भिशीच्या प्रमुखीणबाईंना विचारलं, पावती कोण देतं? त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही ऑपरेशन बघा. डायपर आम्ही बघतो."

बाबूच्या आईने वहीच्या पानावर जे मागितलं होतं ते हेच होतं, आणि ते मंडळाच्या नव्हे, भिशीच्या हातून झालं. मला त्याचं फार नवल वाटत नाही. त्या सगळ्यांनी कोणा ना कोणाची लंगोटं धुतलेली असतात. आम्हा पुरुषांना कार्यक्रम कळतो: बॅनर, पाहुणे, मग हिशेब आणि आभार. मग आम्हीही त्यांच्या मागून गेलो. पुढच्या वर्षी सभासदांना सांगितलं, शंभर रुपये दरमहा, बँकेला एकदाच लिहून द्या, आपोआप वळते होतील. जमेनासं झालं की बंद करा, कोणी विचारणार नाही. सुरुवातीला अठराजण निघाले. पाच हजारांची देणगी ज्यांनी माइकवर जाहीर केली होती त्यातल्या बऱ्याच जणांना शंभरचा हप्ता जड वाटला. आता साठाच्या वर आहेत, त्यांत दोन सुरक्षारक्षक आणि एक मच्छीवाली, जी आमच्या गावचीही नाही.

२०२१ मध्ये आणखी एक भानगड झाली. सोळा कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्या आल्या, मुंबई-पुण्याच्या लहान बाळांसाठी लोकांनी एवढा पैसा उभा केला, सरकारने कर माफ केला. गावातून फोन सुरू झाले: आपल्या बाबूला ते इंजेक्शन चालंल का? मी प्रत्येकाला सांगत बसलो, की तो आजार वेगळा, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. जनुकातला दोष, त्याच्यावर ते औषध. बाबूच्या मेंदूला इजा आहे, त्यावर इंजेक्शन नाही. ऐकणाऱ्याचा आवाज लगेच उतरायचा. सोळा कोटींना तयार होते लोक, मनाने तरी. इंजेक्शनच नाही म्हटल्यावर बोलणं पावसापाण्यावर जायचं.

फिजिओथेरपीचंही तेच. तात्यांनी फिजिओथेरपिस्टला तोंडावर विचारलं होतं, इतकी वर्षं व्यायाम देताय, सुधारणा दिसत नाही. ती मुलगी पंचविशीची असेल. म्हणाली, "आजोबा, बिघडत नाहीये ना, त्याचेच पैसे घेते मी." ताठ स्नायू रोज ताणले नाहीत तर आखडून तसेच राहतात, मग शर्टाच्या बाहीत हात घालणंसुद्धा कठीण.

हॉस्पिटलातल्या समाजसेविकेने आम्हाला निरामय योजना सांगितली. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही विमा योजना. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपी, बाहेरून घेतलेले उपचारही बसतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र बाबूचं होतंच, ९५ टक्क्यांचं. अडचण एवढीच की आधी खर्च करायचा, बिलं पाठवायची, मग पैसे येतात. ज्याच्या घरी औषधाला रोकड नाही त्याने आधी खर्च कुठून करायचा? इथे मंडळ उपयोगी पडलं. बिल मंडळ भरतं, मूळ बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी मी फायलीत लावतो, दाव्याचे पैसे आले की बाबूचा बाप ते पासबुकात परत भरतो. तेच पैसे पुन्हा फिरतात. चिठ्ठी जोडायची राहिली की दावा अडतो, म्हणून मी आता बाबूच्या आईला औषधाच्या दुकानातूनच दोन्ही कागदांचा फोटो पाठवायला सांगतो.

पैशांत न मोजलेली एक मदत सांगितली पाहिजे. वरच्या वाडीचा आमचा एक सुतार कुर्ल्याला फर्निचरच्या कारखान्यात आहे. शिबिरात मिळालेली बाबूची खुर्ची त्याला लहान पडायला लागली होती. नव्या खुर्चीची किंमत ऐकून सुतार म्हणाला, मी बघतो. एका रविवारी टेप घेऊन आला. कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच, बगलेपर्यंतची उंची, सगळं पेन्सिलीने प्लायच्या तुकड्यावर लिहिलं. फिजिओथेरपिस्ट शेजारी बसून सांगत होती: पाठ अगदी सरळ नको, सीट मागे जरा उतरती पाहिजे म्हणजे पोर पुढे घसरत नाही; दोन मांड्यांच्या मध्ये पाचर, पण टोकदार नको; डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार. सुताराने एकच प्रश्न विचारला, "वाढतो किती वर्षाला?" मग सीटची खोली आणि पायाची फळी अशी केली, की बोल्ट काढून पुढच्या भोकात बसवला की खुर्ची वाढते. पाचरीला गोलाई देऊन वर फोम, त्यावर रेक्झिन, कारण ते पुसता येतं. पैसे घेतले फक्त फोमचे. दर दिवाळीला येऊन एक भोक पुढे सरकवून जातो.

ऑपरेशन २०२२ च्या फेब्रुवारीत झालं. दोन्ही पाय फाकवून प्लास्टरमध्ये, मध्ये आडवा दांडा; सहा आठवडे त्याला दरवाजातून आडवा-तिरपा करून न्यावं लागे. मंडळाचा चेक गेला ७१ हजारांचा, बाकी बापाने दोन न्यासांच्या मदतीने भरलं. उरलेल्या रकमेतून टाळेबंदीतले उसने वळते करावेत असं कोणी सुचवलं नाही. मीच ते दोन ओळींत निर्लेखित केले आणि लेखापरीक्षकाला कारण लिहून दिलं. प्लास्टर निघाल्यावर महिनाभर बाबू कण्हायचा, मग थांबला. रात्रभर झोपायला लागला, म्हणजे आईबाप दोघंही झोपायला लागली. तात्यांना मी फोन करून कळवलं. त्यांनी विचारलं, चालतो का? मग स्वतःच म्हणाले, नाही, तो सांगत होता तेव्हाच.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेला बाबूची आई पहिल्यांदा आली. भिशीतल्या चौघी तिच्यासोबत होत्या. खोलीत पुरुषांनी खुर्च्या रिकाम्या करायला वेळ लावला. मी जमाखर्च वाचला. ‘बाबू दरमहा’ हे शीर्षक आता देवळाच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर येतं. वरच्या वाडीतला एक तरुण उठला, म्हणाला, कोणाबद्दल आकस नाही, पण हे किती वर्षं चालायचं? आता बाजूच्या वाडीतल्या एका मुलीच्या बापानेही अर्ज दिलाय, तिलाही तसलंच काहीतरी आहे. उद्या चार येतील. मर्यादा घालायला नको का? प्रश्न रास्त होता. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मी वहीत बघितलं.

बाबूची आई उभी राहिली. तिच्या हातात परत एक पान होतं. म्हणाली, त्या मुलीचा अर्ज मी वाचलाय, तिच्या बापाकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्रच नाही, ते काढायला मी त्याच्याबरोबर जाणार आहे. ते आलं की निरामय होईल आणि मंडळावर कमी भार पडेल. आणि दुसरं, बाबू आता तेरा वर्षांचा झाला, पुढच्या वर्षी डायपर मोठ्यांच्या मापाचे लागतील, त्यांची किंमत जास्त आहे, तेव्हा आठशे रुपये वाढवून धरा. तरुण म्हणाला, आठशे का, हजारच धरा, नाहीतर पुन्हा सभेपुढे आणावं लागेल. सूचक म्हणून त्याचंच नाव पडलं, अनुमोदन तात्यांनी दिलं. मुलीच्या अर्जावर निर्णय प्रमाणपत्र आल्यावर, असं इतिवृत्तात लिहिलं आणि पुढचा विषय घेतला, गावच्या सभागृहाच्या उडालेल्या पत्र्यांचा. त्यावर मात्र तास गेला.